फिरतीची नोकरी, बाहेरचं जेवण आणि तब्येत: तुम्ही कसं जमवता?

भीमाकाठ

फिरतीवर असणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. मी ठिबकच्या लायनीत आहे, मुक्काम सोलापूर पण लातूर, धाराशिव, बीड, सांगली, सातारा असं सारखं फिरणं, कधी एसटी कधी कंपनीची गाडी, आणि महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस घरचं जेवण नाही. आमच्या लायनीत पन्नाशीपर्यंत शुगर, बीपी नाहीतर कंबर, यातलं एक तरी मागे लागलेलंच असतं आणि सगळे एकच कारण देतात की बाहेरचं खाऊन झालं.

मला ते पूर्ण पटत नाही. बाहेर चांगलं जेवण मिळतच नाही असं नाहीये. तालुक्याच्या कुठल्याही गावात भाकरी, पालेभाजी, आमटी, ताक देणारी एखादी खानावळ असतेच, मार्केट यार्डाजवळ नाहीतर कोर्टाच्या मागे. अडचण वेळेची आहे. खानावळ दुपारी तीनला आवरते आणि रात्री नऊ-साडेनऊला शटर खाली, आणि आपण डीलरकडची बैठक उरकून दहाला मोकळे होतो तेव्हा उघडं काय असतं तर हायवेचा ढाबा किंवा लॉजखालचं परमिट रूम. मग पनीर, बटर रोटी, जिरा राईस, तेही सकाळपासूनच्या भुकेवर, आणि अर्ध्या तासात झोप. हे रोज होतं. बिघडतं ते इथं, एखाद्या दिवशी मिसळ खाल्ली म्हणून नाही.

म्हणून मी दिवसाची आखणीच जेवणापासून सुरू करतो. रात्रीचं जेवण आठ ते साडेआठ, मग काम अर्धवट राहिलं तरी मध्येच उठून जेवून यायचं आणि परत बसायचं. डीलर लोकांना सुरुवातीला विचित्र वाटलं, आता तेच सोबत येतात. पिशवीत फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि दोन केळी कायम, कारण चार-पाच वाजता पोटात काही नसलं की रात्री ताटावर तुटून पडायला होतं. मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम फुटाण्यांत साधारण सहा ग्रॅम प्रोटीन मिळतं, बिस्किटाच्या पुड्यातून काय मिळतं ते सगळ्यांना माहितीय.

बाकीचे काय करतात ते लिहा. नुसतं 'बाहेरचं टाळा' असं नको, आमच्यासारख्यांना टाळता येत नाही.

अनघा_नाशिक

वेळेबद्दल शंभर टक्के सहमत. मी ऑडिटला फिरते, शाखा मोठी असली की रात्री नऊ वाजतातच. पण मी एक भर घालते, चहा.

जाईल तिथे चहा. नाही म्हटलं की समोरचा माणूस हिरमुसतो. दिवसाला आठ कप धरा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सोळा चमचे, सत्तर ग्रॅमच्या आसपास साखर नुसती चहातून पोटात गेली आणि आपल्या हिशोबात ती कुठेच नाही. डब्ल्यूएचओ म्हणतं की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमपर्यंत ठेवली तर उत्तम. मी आता शाखेत पाऊल टाकल्या टाकल्या शिपाईकाकांना सांगून ठेवते की मला बिनसाखरेचा, तोही दोनदाच, बाकी वेळेला ताक नाहीतर कोमट पाणी चालेल. सांगितलं की लोक ऐकतात, तोंडदेखलं नाही म्हणत बसलं की आग्रह वाढतो.

आणि जेवणाला लागून चहा नकोच. आयसीएमआर-एनआयएन म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट दिलंय, चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. बायकांमध्ये हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, त्यांनी तर हे पाळाच.

रानवाट

बायकांचा विषय निघालाच आहे तर ज्या गोष्टीवर कोणी बोलत नाही ती मी लिहिते.

मी बचत गटांच्या कामासाठी गावोगाव जाते. आमच्या सगळ्या जणी प्रवासात पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नाही, स्टँडवरचं स्वच्छतागृह कसं असेल आणि वाडीवर असेल की नाही याची खात्री नसते म्हणून. सकाळी सातला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत, मधे अर्धी बाटली पाणी, तेही एप्रिल-मेमध्ये. मग लघवीची जळजळ, इन्फेक्शन, डोकं दुखणं, बद्धकोष्ठ, कोणाला स्टोन. डाएट, व्यायाम सगळं नंतर हो, आधी बाईला दिवसभर पाणी पिता आलं पाहिजे.

आम्ही आमच्यापुरता काढलेला मार्ग सांगते. दिवसाच्या फेरीची आखणी करताना जागा आधीच ठरवून घ्यायच्या: ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र, ओळखीच्या ताईंचं घर, मोठ्या पेट्रोल पंपावरचं टॉयलेट. कोणाच्या घरी मागायला संकोच वाटायचा, पण आम्ही गटाच्या बैठकीतच हा विषय काढला आणि आता गावातल्या बायका स्वतःहून विचारतात, ताई आत जाऊन येता का. एकदम लिटरभर पाणी न पिता अर्ध्या-पाऊण तासाने चार घोट, असं केलं की एकदम घाईही होत नाही. जळजळ, ताप, पाठीत दुखणं असलं तर पाणी पिऊन बघू म्हणत दिवस काढू नका, लघवी तपासून घ्या.

कंपन्यांनी आणि संस्थांनी बायकांना फिल्डवर पाठवताना गाडी आणि भत्ता ठरवतात तसं हेही ठरवायला हवं. मी आमच्याकडे लेखी मागणी दिली आहे.

भीमाकाठ

रानवाट ताई, हे मुद्दाम लिहिलंत, फार बरं झालं. आमच्या टीममध्ये दोन मुली नवीन आल्यात, त्यांचे रूट मीच ठरवतो आणि हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच त्यांना विचारून रूट बदलतो.

वऱ्हाडीबाणा

पाण्यावरून आठवलं. आमच्याकडे अकोला-अमरावती साइडला मे महिन्यात ४५ डिग्री असते भाऊ, तिथं फिरून राहिला असाल तर नुसतं पाणी पुरत नाही. घामातून मीठ जाते. ताकात मीठ-जिरं, लिंबू-मीठ-साखर पाणी, कैरीचं पन्हं हे सगळं चांगलं, पण उलट्या-जुलाब लागले असतील तर खरं ओआरएसच पाहिजे. औषधाच्या दुकानात पावडरचं पाकीट घ्या आणि ते एक लिटरचं आहे की २०० एमएलचं ते वाचून तेवढ्याच पाण्यात टाका, एका ग्लासात लिटरवालं पाकीट ओतलं तर उलटा त्रास होते. पाकीट नसलं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. इतकं पाठ करून ठेवा.

ओआरएसच्या नावाने विकलं जायचं ते रंगीत टेट्रापॅकवालं गोड पेय घेऊ नका. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश काढला की डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस शब्द छापायचा नाही. त्याच्या आधी कित्येक वर्षं लोक लेकरांना तेच पाजत होते.

शुगर-बीपीवाल्यांनी मीठ-साखरपाणी रोजचं म्हणून पिऊ नये, ते आजारपणासाठी. आणि उन्हात बर्फाचा गोळा, बर्फ टाकलेला उसाचा रस टाळाच. खायचा नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम २०१८ मध्येच आला, तरी गाडीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा ते समजत नाही. रस बिनबर्फाचा मागा.

डोंबिवलीकर७४

सगळं वाचलं, मनापासून लिहिताय सगळे, पण मला एक वाटतं की आपण प्रवासातलं खाणं म्हणजे औषध करून टाकतोय. माणूस कोल्हापूरला गेला आणि तांबडा-पांढरा न खाता परत आला, नागपूरला जाऊन तर्री पोहे नाही, कर्जतला गाडी थांबली आणि वडा नाही, मग फिरायचं कशाला? माझे वडील रेल्वेत होते, सगळ्या स्टेशनांवरचं खाऊन त्यांनी ऐंशी पार केली.

भीमाकाठ

डोंबिवलीकर साहेब, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण तुमचा प्रवास आणि माझा प्रवास वेगळा आहे. वर्षातून दोनदा कोल्हापूरला जाणाऱ्याने तांबडा-पांढरा खाल्लाच पाहिजे, मीसुद्धा हेच सांगेन. मी दर पंधरवड्याला जातो. तुमच्यासाठी जो सण आहे तो माझा मंगळवार आहे.

दुसरं म्हणजे गावची खासियत म्हणजे फक्त झणझणीत आणि तळलेलं असं आपण धरून चाललोय. जळगावला कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत ही खासियतच आहे. कोकणात कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज. मराठवाड्यात धपाटे आणि दही, हिवाळ्यात हुरडा. आमच्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. हे सगळं त्या त्या गावचं रोजचं जेवण आहे आणि तेच पाहुण्याला मिळत नाही, कारण पाहुण्याला हॉटेलात नेतात. मी डीलरला सरळ सांगतो की हॉटेलात नको, तुम्ही रोज दुपारी जे खाता ते खाऊ.

कडक भाकरीबद्दल जरा जास्त लिहितो कारण फिरतीला यासारखं काही नाही. ज्वारीची नाहीतर बाजरीची पातळ भाकरी तव्यावर शेकून शेकून पापडासारखी कडक करतात, पाण्याचा अंश राहत नाही म्हणून आठवडेच्या आठवडे टिकते. सोलापुरात पाकिटं मिळतात, बायकांचे बरेच गट हाच धंदा करतात. लॉजवर रात्री उशीर झाला आणि खाली फक्त बार उघडा असला तर मी एक वाटी दही नाहीतर डाळ मागवतो, त्यात भाकरी चुरतो, वर चटणी, कांदा. दहा मिनिटांत जेवण होतं, पोट हलकं राहतं. पाकिटात हवा गेली की मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ठेवा.

घरून पहिल्या दिवसासाठी दशम्या. दुधात मळलेल्या, सोबत सुकी चटणी. रस्साभाजी नको, उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते. भात तर अजिबात बांधून नेऊ नका, शिजवलेला भात उकाड्यात तासभराच्या वर बाहेर राहिला की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही.

ताराबाई_कोथरूड

माझे यजमान इन्शुलिनवर आहेत आणि आम्ही दोघं रेल्वेने बराच प्रवास करतो म्हणून लिहिते. न उघडलेलं इन्शुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला. चालू असलेलं पेन बहुतेक वेळा चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० डिग्रीच्या खाली, नक्की किती ते पेनसोबतच्या पत्रकावर बघा. गाडीच्या डिकीत, डॅशबोर्डवर ठेवू नका. विमानात सामानाबरोबर खाली टाकू नका, गोठलं तर वाया जातं. पाण्यात भिजवायच्या जेलच्या पिशव्या मिळतात, त्याला बर्फ लागत नाही.

भीमाकाठ यांनी वेळेचं लिहिलंय ते मधुमेही माणसासाठी तर दुप्पट खरं. इन्शुलिन घेतलं नाहीतर ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेतली आणि जेवण लांबलं की साखर खाली येते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड झाली की लगेच तीन चमचे साखर नाहीतर ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग खायचं. ह्यांच्या शर्टच्या खिशात ग्लुकोजची पुडी असतेच आणि शेजारच्या प्रवाशाला मी आधी सांगून ठेवते. जेवण समोर येईपर्यंत इन्शुलिन टोचायचं नाही, पँट्रीचा माणूस 'पाच मिनिटांत आणतो' म्हणाला तरी. ह्यांच्या डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

एक विचारायचं होतं, उपवासाच्या दिवशी प्रवास असेल तर काय करता?

अनघा_नाशिक

ताराबाई काकू, साबुदाणा नकोच, नुसता स्टार्च आहे, साखर भराभर वाढते. राजगिऱ्याची भाकरी किंवा भगर आणि दाण्याची आमटी बरी, सोबत दही, काकडी. काकांना इन्शुलिन असेल तर उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच असं मला वाटतं, देवालाही ते चालेल.

मणका_आणि_मी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, साताऱ्यात. खाण्याबद्दल भरपूर आलं, बसण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही.

सलग चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, डब्ल्यूएचओच्या २००७ च्या अहवालात हे आलंय. घाबरू नका, दुप्पट होऊनही तो धोका साधारण सहा हजारांत एक इतका लहान आहे. पण नुकतंच ऑपरेशन झालेलं, गरोदर, गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या, आधी गुठळी झालेल्या लोकांनी प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलावं. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर थांबायचं नाही, दवाखाना.

माझ्याकडे रोज येतात ते मात्र कंबर आणि मानेवाले. सगळ्या फिरतीवाल्यांना एकच सांगते की गाडी थांबली की उतरा. एसटी दहा मिनिटं थांबली तर आठ मिनिटं चाला, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बसल्या जागी टाचा वर, चवडे वर, आलटून पालटून, पोटरी आवळली गेली पाहिजे. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा, त्यावर तासन् तास बसलं की कंबर तिरकी राहते. स्वतः गाडी चालवत असाल तर दर दोन तासांनी थांबा, आणि सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबतानाही गुडघा थोडा वाकलेला राहील.

लॉजवर जिम नाही म्हणून व्यायाम नाही हे कारण मला पटत नाही. सतरंजीएवढी जागा असली की सूर्यनमस्कार होतात. आमच्या जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते शाळांमधून, पुस्तकांमधून लोकांपर्यंत नेले, ते याचसाठी की साधन लागत नाही. गुडघे चांगले असतील तर बैठका, भिंतीला हात टेकवून जोर. आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, ज्याला शुगर आहे त्याला याचा फरक मीटरवर दिसतो.

डोंबिवलीकर७४

पाकिटाचं पटलं. आजच काढून ठेवतो. आणि भीमाकाठ, 'तुमचा सण माझा मंगळवार' हेही पटलं, माझा मुद्दा मी अर्धा मागे घेतो.

मी पहाटे उठणारा आहे त्यामुळे एक गोष्ट सुचवतो. ज्या गावी मुक्काम असेल तिथली सकाळची फिरायची जागा माहिती असली की आपोआप उठायला होतं. कोल्हापूरला रंकाळा. सांगलीला आमराई. साताऱ्यात अजिंक्यतारा, निम्मं शहर पहाटे वर जात असतं, चढ असल्यामुळे व्यायामही चांगला होतो. जळगावला मेहरूण तलाव. नागपूरला अंबाझरी, फुटाळा. रत्नागिरीत भाट्याचा किनारा. संभाजीनगरला विद्यापीठाचा परिसर. चालून आल्यावर नाश्त्याला वडा खाल्ला तरी दोन नाही खाववत, हा माझा अनुभव.

रानवाट

नाश्त्याला गाडीवर उकडलेली अंडी मिळाली तर घ्या, शाकाहारी असाल तर पोह्यांवर शेवेऐवजी मटकीची उसळ मागा, बऱ्याच ठिकाणी मिसळीसाठी तयार असतेच. ताटातही आधी उसळ-भाजी, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. याने साखर सावकाश चढते. कच्चं कापून ठेवलेलं सॅलड मात्र मी बाहेर खात नाही, अख्खी काकडी विकत घेऊन धुऊन सोलून खाते.

बाईने एकटीने खानावळीत जेवायला जाणं काही गावांत अवघड वाटतं, सगळे बघत बसतात. तिथे पोळी-भाजी केंद्र शोधा, बहुतेक बायकाच चालवतात, आत बसवून गरम वाढतात.

घाटमाथा

पहिल्यांदाच लिहितोय. माझा प्रश्न रात्रीच्या प्रवासाचा. लातूरहून मुंबईला स्लीपर बसने दर आठवड्याला जातो, बस साडेनऊची, अकरा-साडेअकराला ढाब्यावर थांबते आणि सगळे उतरून जेवतात, मी पण. सकाळी पोट जड, अ‍ॅसिडिटी, दिवसभर झोप. उपाशी झोपलं तर रात्री दोनला जाग येते. काय करावं?

भीमाकाठ

घाटमाथा भाऊ, साडेसातला जेवून घ्या, बसायच्या दोन तास आधी. लातूरला खानावळी चांगल्या आहेत, भाकरी, डाळ, मेथी नाहीतर शेपू, भात थोडाच, तिखट कमी. ढाब्यावर उतरायचं, बाथरूमला जाऊन यायचं, गाडीभोवती चकरा मारायच्या आणि परत चढायचं. भूक वाटलीच तर केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. झोपताना डोक्याखाली बॅग घेऊन खांद्यासकट वर उचललेलं ठेवा, आडवं सपाट झोपलं की आंबट वर येतं. नेहमीच होत असेल तर गोळ्या खात न बसता दाखवून घ्या.

घाटमाथा

साडेसातला ऑफिस सुटतं. साहेबांना विचारून त्या दिवशी सातला निघतो. खानावळीचं नाव व्यक्तिगत संदेशात पाठवाल का?

भीमाकाठ

पाठवलंय. तिथं गुरुवारी रात्री बंद असतं, तेवढं बघा.